माथेरानची रॉमकॉम : दुसरा खर्डा मध्यंतरापर्यंत

माथेरानात घडणाऱ्या माझ्या रोमँटिक कॉमेडीच्या पटकथेचा दुसरा खर्डा मध्यंतरापर्यंत आला. गोष्ट पहिल्या खर्ड्यातलीच आहे. सायलीच्या घरचे घोडे, निखिलची ई-रिक्षा आणि त्यावरून दोन घरांत धरलेला अबोला. या फेरीत मात्र प्रत्येक सीन एकाच कसोटीवर घासून पाहिला: हा उचलून लोणावळ्यात नेला तर काही अडतं का? अडत नसेल तर काट. धबधब्याखालचं भिजणं गेलं, चिक्कीच्या दुकानातली तूतूमैंमैं गेली, पॉइंटवरचा सूर्यास्त तर सगळ्यात आधी गेला.

माथेरानात मोटारींना बंदी. गाडी गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्यावर लावायची आणि पुढे पायी, घोड्यावर, गोष्टीच्या काळात हातरिक्षातही, नाहीतर अमन लॉज स्टेशनहून मिनीट्रेनच्या शटलने. त्यात डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रायोगिक तत्त्वावर प्रवेश झाला आणि घोडेवाल्यांनी विरोध केला. रस्त्यावर क्ले पेव्हर ब्लॉक बसवले, त्यावर घोडे घसरतात, हीही त्यांची तक्रार. मला खलनायक शोधावाच लागला नाही. निखिलच्या वडिलांनी उभा जन्म हातरिक्षा ओढली, चढावर त्यांना धाप लागते. पोराच्या हाती बॅटरीवरची रिक्षा आली हे त्यांच्या घराला आलेलं सुख आहे. आणि दस्तुरीवर उतरणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्या रिक्षात बसलं तर सायलीच्या बाबांच्या घोड्यांना चंदी कुठून येणार? दोन्ही बाजू खऱ्या ठेवणं हे या पटकथेतलं सगळ्यात अवघड काम आहे. एकीला चूक ठरवलं की शेवटचं जमणं म्हणजे नुसती एकाची माघार होते.

काळ जुलै २०२५ ठरवला. त्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. माझ्या पात्रांना ते ठाऊक नाही, प्रेक्षकाला ठाऊक आहे. पडद्यावर त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही असं ठरवलंय.

पहिली भेट आता अशी आहे:

सीन ४. बाहेर. दस्तुरी नाका. सकाळ, दाट धुकं.
आधी फक्त नालांचा आवाज. धुक्यातून सायली घोड्याचा लगाम धरून येते. तिच्या मागे, आवाज न करता, ई-रिक्षा. घोडा बिचकतो.
सायली : हॉर्न वाजवता येत नाही?
निखिल : वाजवला असता तर म्हणाली असतीस, हॉर्नने बिचकला.
सायली : बिचकलाच ना आता!
निखिल : तो कधीच शांत झाला. ओरडतेयस तू.

ई-रिक्षाचं नि:शब्द असणं हीच इथली गंमत आहे, ती संवादात सांगायची नाही, ऐकवायची. म्हणून या खर्ड्यात आवाजाच्या सूचना ठळक लिहिल्या: नाल लाल मातीवर कसे वाजतात, ब्लॉकवर कसे. साउंड करणाऱ्याला त्यावरून रस्ता कळला पाहिजे.

ज्या सीनवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो मध्यंतराआधीचा. सायलीच्या बाबांचा पाय मुरगळतो. गावात रुग्णवाहिकेला मुभा आहे, पण ती पेशंट घेऊन खाली गेलेली. घोड्यावर चढवत नाही. ई-रिक्षात बसायला ते मेले तरी तयार नाहीत. उरली हातरिक्षा. हातरिक्षेला पुढे ओढायला एक आणि मागे ढकलायला, उतारावर धरून ठेवायला दोन माणसं लागतात. पुढे निखिलचे वडील. मागे निखिल. तिसरा माणूस पावसात मिळत नाही, म्हणून मागे सायली. कॅमेऱ्याला फ्रेम आयती मिळते: बाबा आत बसलेले, तोंड पुढे, आणि त्यांच्या पाठीमागे दीड हातावर ही दोघं, एकाच दांड्याला चार हात. दोघांनी बोलायचं ते कुजबुजत, आणि मधूनच बाबा विचारणार, ‘‘सायले, दमलीस का गं?’’ पुढे दोन म्हातारे वर्षानुवर्षांनी एकमेकांशी बोलताहेत, तेही फक्त ‘‘जरा सावकाश’’ आणि ‘‘बसा हो तुम्ही’’ एवढंच. उतार लागतो, सगळं वजन मागच्या दोघांवर येतं, आणि तिचा पाय ब्लॉकवर सटकतो. तिथे मध्यंतर.

वाचून दाखवलं तेव्हा दोघातिघांनी विचारलं, मिनीट्रेनचा बोगदा का नाही? ‘वन किस टनेल’ नावाचा बोगदा असताना रॉमकॉमने तो सोडावा? पण तो नेरळच्या वाटेवर आहे आणि पावसाळ्यात ती गाडी बंद असते. जुलैत धावते ती फक्त अमन लॉज–माथेरान शटल. बोगद्यासाठी ऋतू बदलला तर धुकं जातं, घसरडा उतार जातो, म्हणजे हातरिक्षाचा सीनच जातो. बोगदा सोडला.

शटल मात्र शेवटाला उपयोगी पडतेय. सायली परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकायला निघते. शहरातल्या सिनेमात नायक टॅक्सी पकडून विमानतळ गाठतो. इथे दोन रुळांत अंतर जेमतेम दोन फूट आणि गाडी इतकी सावकाश की धडधाकट माणूस बाजूने पळत खिडकीशी गप्पा मारू शकतो. म्हणजे पाठलाग आणि कबुली एकाच सीनमध्ये. धाप लागलेल्या माणसाला लांब वाक्यं बोलता येत नाहीत, त्यामुळे निखिलचे संवाद आपोआप दोन-तीन शब्दांवर आले. हा सीन अजून कच्चा आहे. सायलीने खिडकीतून काय म्हणावं ते सापडलेलं नाही. ‘उतरते’ हे उत्तर मला मुळीच नको. तिने शिकायला जायचंच आहे.

तंत्राबद्दल एवढंच: पटकथेच्या एका पानाला पडद्यावर एक मिनिट हा हिशेब माझ्या देवनागरी पानांना लागू पडत नाही. टायमर लावून मोठ्याने वाचते आणि सीनच्या कडेला मिनिटं लिहिते.

पुढच्या आठवड्यात उत्तरार्ध धरतेय. सुरुवात सायलीच्या बाबांपासून: त्यांना ई-रिक्षात बसवायचं की नाही, हे ठरल्याशिवाय पुढचं पान हलणार नाही. सध्याचा कल असा की बसवायचं नाही, पण पावसात उभी असलेली रिक्षा त्यांनी घोड्यावरच्या प्लास्टिकने झाकायची.