माशीच्या मेंदूत गेलेली दुपार

आज हातातलं काम तसंच राहिलं आणि अख्खी दुपार एका माशीच्या मेंदूत गेली. पिकलेल्या फळांवर घोंघावते ना, ती फळमाशी. तिच्या मेंदूचा पूर्ण नकाशा ऑक्टोबर 2024 मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. खसखशीच्या दाण्याएवढ्या मेंदूत सुमारे 1,39,000 चेतापेशी आणि त्यांच्यात 5 कोटींहून जास्त जोडण्या!

त्या मेंदूचे 7,000 हून अधिक पातळ काप केले, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फोटो काढले आणि संगणकाने एकेका पेशीचा माग काढत नेला. पण संगणकही गडबडतो, एका पेशीची फांदी खुशाल दुसरीला चिकटवतो. हे गोंधळ माणसांनी बसून निस्तरले, त्यात हौशी स्वयंसेवकही होते. मला हे वाचून उगाचच बरं वाटलं.

माणसाचं म्हणाल तर, अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यातल्या जेमतेम 1 घन मिलिमीटरचा नकाशा झालाय. त्यातच 15 कोटी जोडण्या. आणि अख्ख्या मेंदूत चेतापेशी किती, तर सुमारे 8,600 कोटी.

म्हणून 'मेंदूचं कोडं सुटलं' छापाचे फॉरवर्ड आले की डोकं फिरतं. एका सूक्ष्म गोलकृमीच्या 302 चेतापेशींचा नकाशा 1986 सालीच तयार होता, तरी तो कृमी पुढच्या क्षणी कुठे वळेल हे नुसत्या नकाशावरून आजही सांगता येत नाही. कुठली जोडणी किती जोरकस, कुठलं रसायन कधी पाझरतं, हे त्या फोटोंत दिसतच नाही.