हात लावू नये

आईचं बोट काचेवर टेकलं आणि मागून आवाज आला, "आजी, काचेला हात नको."

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. समोर अडकित्त्यांचं कपाट. आईने बोट काढलं नाही, नुसती मान वळवली. "अहो, हा आमच्याकडे होता. अस्सा."

"सगळ्यांकडेच होता, आजी," दालनावर लक्ष ठेवणारा तो माणूस म्हणाला. आवाजात राग नव्हता. हे वाक्य तो दिवसातून किती वेळा म्हणत असेल कोण जाणे.

आईने बोट काढलं. मग माझ्या कानाशी येऊन, चोरी कबूल करावी तशी म्हणाली, "बिऱ्हाड बदललं तेव्हा मोडीत घातला मी. सुपारी खाणारं राहिलंच नव्हतं कोणी."

केळकरांचं सगळं संग्रहालय या मोडीतून उभं राहिलं म्हटलं तरी चालेल. घराघरांतून जे अडगळीत चाललं होतं, ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारा हा माणूस पत्नी कमलाबाईंच्या साथीने गोळा करत होता. दिवे, दौती, फण्या, पाय घासायच्या वज्र्या. राजा हा त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा, त्याचं नाव संग्रहालयाला. २० हजारांहून जास्त वस्तू जमल्या. मांडायला जागा पुरते ती अडीच हजारांच्या आसपास वस्तूंना. बाकीच्या आत, कुलपात. म्हणजे बाहेर दिसणारा अडकित्ता आपल्या भाऊबंदांत नशीबवानच म्हणायचा. अर्थात त्याला विचारलं असतं तर कदाचित वेगळं सांगितलं असतं. सुपारी फोडायला जन्माला आलेली वस्तू, आता तिच्या जवळपास सुपारीचं खांडही नाही, आणि आयुष्यभर जिची मूठ हातांनी गुळगुळीत केली तिला हात लावायची बंदी.

'हात लावू नये' ही पाटी आपल्याला मनापासून पटतच नाही. आपलं बघणं हातातून सुरू होतं. साडी घेताना पोत बोटांत चुरगाळून बघायचा, नारळ कानाशी हलवायचा, देवाच्या पायांवर डोकं टेकवायचं. पंढरपूरला मुखदर्शनाची रांग वेगळी आणि पदस्पर्शाची वेगळी, आणि पदस्पर्शाच्या रांगेत कितीही तास गेले तरी माणूस तिकडेच उभा राहतो. त्या प्रेमाने विठोबाचे पाय झिजतात, मग वज्रलेप करावा लागतो. दगड माणसाच्या हाताने झिजतो, यावर याहून मोठा पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत मिळायचा! आपला एक स्पर्श म्हणजे काहीच नाही, पण आपल्यामागे रांग असते. त्यात हाताचा घाम खारट आणि तळव्याला थोडं तेल, तांब्यापितळेला आणि ब्राँझला दोन्ही सोसत नाही.

आता हाच वारकरी संग्रहालयात शिरतो तेव्हा काय करत असेल? मी पाहिलंय. एका संग्रहालयात विष्णूच्या मूर्तीसमोर एक बाई चपला काढून उभ्या होत्या. हात जोडले, मग पर्समधून नाणं काढून पायाशी ठेवलं. पहारेकरी दोन पावलं पुढे आला, थांबला, पुन्हा मागे गेला. नियमांच्या पुस्तकात अन्नपदार्थ, छत्री, सेल्फी स्टिक असं सगळं असेल, पण भक्तीचं काय करायचं ते लिहिलेलं नसणार. बाई गेल्यावर त्याने नाणं उचललं आणि ते हातात घेऊन इकडेतिकडे बघत राहिला. खिशात तर घालता येत नाही आणि दानपेटी नाही.

माझा स्वतःचा एक जुना राग आहे, तो सांगून टाकते. एका संग्रहालयात (नाव राहू दे) मी वहीत टिपणं घेत होते. सिक्युरिटीवाला आला. "मॅडम, पेन चालणार नाही." का, ते त्याला सांगता येईना. "वरून ऑर्डर आहे." मी वाद घातला, मी काय चित्रावर लिहिणार आहे का, वगैरे. शेवटी त्याने खिशातून नखाएवढी पेन्सिल काढून दिली. मी ती घेतली आणि रागारागाने एकही शब्द लिहिला नाही.

पुढे रशियातल्या येकातेरिनबुर्गची, २०२१ च्या डिसेंबरात घडलेल्या प्रकाराची बातमी वाचली. प्रदर्शनात आना लेपोर्स्काया या चित्रकर्तीचं 'तीन आकृती' नावाचं चित्र होतं, मॉस्कोहून उसनं आणलेलं. तिन्ही चेहरे कोरे, डोळे नाहीत. कोणीतरी बॉलपेनने त्यातल्या दोघांना डोळे काढून दिले. चौकशीत निघालं की ते खुद्द पहारेकऱ्याचंच काम, आणि त्याचा नोकरीचा पहिलाच दिवस. वाचून मी आधी हसले, मग ती पेन्सिल आठवली. त्या भल्या माणसाला कारण सांगता आलं नव्हतं, पण नियम तर बरोबर होता. त्या पहारेकऱ्याबद्दल मात्र मला अजून थोडी माया वाटते. दिवसभर डोळे नसलेल्या तीन माणसांसमोर उभं राहायचं, म्हणजे काय होत असेल!

कारण न सांगता नियम लावायचा, ही आपल्याकडची खोडच आहे. लघुचित्रांच्या दालनात अंधार असतो आणि लोक कुरकुरतात, लाइटबिल वाचवतात म्हणून. कागदावरचे रंग उजेडाने उडतात आणि उडालेले परत येत नाहीत, म्हणून तिथे साधारण ५० लक्स एवढाच प्रकाश ठेवण्याची रीत आहे. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. एवढं एका ओळीत दाराशी लिहिलं तर लोक अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबतीलही. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने तर 'अनुभव' नावाच्या दालनात प्रतिकृती मांडल्या, हात लावून बघायच्या. मुख्यतः दृष्टिहीनांसाठी. मला विचाराल तर सगळ्यांनाच आधी तिथे न्यावं, हातांची भूक जरा भागेल.

आणि दालनात पहाऱ्याला उभ्या असणाऱ्या माणसाला कोणी काही विचारतं का? विचारतात. बाथरूम कुठे, बाहेर पडायचं कुठून, आणि "हे खरं आहे का हो?" वस्तूबद्दल विचारत नाहीत, तिच्याकडे सगळ्यात जास्त वेळ तोच बघत असला तरी. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयाला हे सुचलं. त्यांनी आपल्या १७ सुरक्षारक्षकांना सांगितलं, संग्रहातून तुम्हाला आवडतं ते निवडा, प्रदर्शन तुम्ही मांडा. आणि २०२२ मध्ये ते झालंही.

आईने मात्र विचारलं. सगळं बघून, दमून, मस्तानी महालात "हा कोथरूडहून इथे आणला?" असं तीनदा म्हणून, ती पुन्हा अडकित्त्यांपाशी आली. तोच माणूस होता. "तुमच्या घरी आहे का अजून?"

"आहे ना. आई कातरते सुपारी. तिच्याशिवाय कोणाला हात लावू देत नाही."

"बरोबर आहे तिचं," आई म्हणाली.

मग तिला काचेवरचा डाग दिसला. तिच्याच बोटाचा, सकाळचा. तो माणूस फडकं घेऊन पुढे आला तशी ती ओशाळली. "द्या इकडे, मी पुसते. माझाच आहे."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दाराकडे, आणि फडकं तिच्या हातात दिलं. डाग पहिल्या फटक्यातच गेला होता. आई बराच वेळ पुसत होती.