दुसरी चावी

भाड्याने घर घेतलं की चाव्यांचा जुडगा मिळतो आणि त्यात प्रत्येक चावी दोन-दोनदा असते. लॅचच्या दोन, सेफ्टी डोअरच्या दोन. एक सेट पर्समध्ये जातो, पण दुसऱ्याचं काय करायचं हे एकट्या राहणाऱ्या माणसाला कुणी सांगत नाही. नवरा-बायको असतील तर प्रश्नच नाही, रूममेट असेल तर तिची. माझा दुसरा सेट कित्येक महिने रबरबँड, चिल्लर आणि संपलेले सेल टाकायच्या डब्यात पडून होता, म्हणजे ज्या घराची चावी त्याच घराच्या आत, आणि लॅचचं दार ओढलं की आपलं आपण बंद होतं, मग आपण बाहेर अडकलो तर ती डब्यातली चावी काय उडत येणारे?

मिरजेच्या घराला मी कधी चावी वापरलेलीच नाही. सकाळी कडी निघायची ती रात्री लागायची, मधल्या वेळात कोणीही यायचं, विरजण मागायचं, माझ्या लग्नाचं विचारायचं. सगळे एकदम परगावी निघाले तरच कुलूप शोधायचं आणि ते सापडेपर्यंत रिक्षा दारात थांबलेली. त्यामुळे भांडुपला पहिल्यांदा स्वतःच्या हाताने दार उघडून आत आले आणि आत कोणी म्हणजे कोणीच नव्हतं, तेव्हा खरं सांगते, मला भारी वाटलं. कुकरातनंच खिचडी खाल्ली, पंखा पाचवर, कपडे खुर्चीवर. कुठे गेलीस, कधी येणार, एवढा उशीर का, काही नाही. हे घर मिळवताना सिंगल लेडी म्हटल्यावर ब्रोकरने पार्ट्या वगैरे नाही ना म्हणून विचारलं होतं, मालकांनी घरी कोण कोण येणार म्हणून विचारलं, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, डिपॉझिट, पोलीस व्हेरिफिकेशन, एवढं सगळं पार करून मिळालेलं दार, ते दुसऱ्या कोणाला उघडता येऊ नये असंच वाटणार ना.

ऑफिस लोअर परळला, एका जुन्या मिलच्या जागेत. स्लो लोकलने करी रोडला उतरायचं, पूल ओलांडायचा. त्या भागात चालताना कधीकधी डोक्यात येतं की इथे माझ्याआधी लाखभर माणसं एकटी राहून गेली, कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार, बायकापोरं गावाकडे. पण एकटी तरी कशी म्हणायची, एकेका खोलीत पंधरा-वीस जण, गावमंडळाच्या खोल्या, ट्रंका भिंतीला, दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर आडवा. जेवण खानावळीत, तेही कामगारांच्याच घरातल्या बायकांनी चालवलेल्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या खानावळवाल्या बायकांसाठीच. आणि गंमत बघा, गोदरेजची कुलपं 1897 साली सुरू झाली तीही लालबागलाच, म्हणजे शेजारीच कुलपं बनतायत आणि या खोल्यांना दिवसरात्र कोणीतरी आत झोपलेलं असल्यामुळे कुलपाचं काम फार पडत नसणार. 1982 च्या संपानंतर ते सगळं उसवत गेलं. उगाच गोड करून सांगत नाही, वीस माणसांत पाठ टेकायलाही पाळी लावायची म्हणजे काय हाल असतील, मला तर दोन दिवस जमणार नाही. फक्त ताप आला तर पाणी कोण देणार हा प्रश्न त्यांना पडला नसेल, एवढंच.

माझं गाडं अडलं ते मात्र तापावर नाही, सिलेंडरवर. 14.2 किलोचा सिलेंडर एकट्या माणसाला संपता संपत नाही आणि संपतो तेव्हा बरोबर कणीक मळलेली असते. डिलिव्हरीवाला येणार दुपारी, मी करी रोडला. कोड फोनवर सांगता येतो हो, पण दार? फोनबुक वर-खाली केलं. मुंबईत ओळखीचे ढीगभर, लोकलच्या डब्यातल्या मैत्रिणी, ज्यांच्याबरोबर दसऱ्याला डब्याला तोरणं बांधतो, ऑफिसचा ग्रुप, कॉलेजचा ग्रुप. सगळ्यांबरोबर जेवायला जाता येतं. चावी द्यावी असं कोण, तर कोणीच आठवेना, म्हणजे विश्वास नाही असं नाही, कोणी डोंबिवलीला कोणी मीरा रोडला, माझ्या दुपारच्या सिलेंडरसाठी कोण येणार. त्या दिवशी मला जे वाटलं ते रविवारी संध्याकाळी वाटतं तसलं नव्हतं, त्याच्यावर सिनेमा बघून उतारा पडत नाही.

समोरच्या काकू देवगडच्या. त्यांच्या दारामागे एक लाकडी पट्टी, तिला खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एकेका घराची चावी, कोणाला लाल दोरा, कोणाला कानातल्याचा एक जोड. मी चाचरत विचारलं तर म्हणाल्या, "ठेव गो, माका काय ती जड नाय." झालं.

म्हणजे झालं असं वाटलं. नंतरच्या आठवड्यात पाऊस आला तर घरी आल्यावर दोरीवरचे कपडे घडी करून ठेवलेले, सगळे, म्हणजे सगळेच. ओट्यावर घावणे. आणि धुतलेला कुकर, जो सकाळी मी खिचडीसकट तसाच टाकून गेले होते. मला राग आला, चक्क आला, हे माझं घर आहे ना, मग घावणे खाल्ले आणि राग अर्धा राहिला. तो अर्धा अजून आहे. आता कामावर निघताना खुर्चीवरचे कपडे कपाटात कोंबते, हे मिरजेत आईने वर्षानुवर्षं सांगूनही केलं नव्हतं.

मग गणपती आले. मजल्यावरची तीन घरं कोकणातली, गणपतीच्या दोन दिवस आधी बॅगा, नारळ, मखराचं सामान घेऊन निघायची तयारी, आणि काकूंनी ती अख्खी पट्टीच खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिली. तुळशीला पाणी, शेवटच्या घरातल्या माशांना चिमूटभर खाणं, त्यापेक्षा जास्त नको मरतात, दूधवाल्याला नाही सांग, सोसायटीचा माणूस टाकी बघायला आला तर त्याच्या मागेमागे फिर. गौरी-गणपती विसर्जन झालं की येतो म्हणाल्या.

आईचा फोन आला, मिरजेला कधी येतेस. म्हटलं अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीला येते, आत्ता नाही, माझ्याकडे तीन घरांच्या चाव्या आहेत, मासे आहेत. आई म्हणाली, "तुझ्याकडे? इथं तर कुणी दोन दिवस मांजर ठेवलं नाही तुझ्या भरवशावर!"