आमची वाटचाल : एक दिवस बरण्यांचा, एक दिवस टाक्यांचा

आमच्या छोट्या व्यवसायात दोन कामं चालतात. फळं आणि टोमॅटो काचेच्या बरण्यांत हवाबंद करायचे, आणि कापडावर हाताने भरतकाम करायचं. फळ पिकलं की ते कुणासाठी थांबत नाही, टाका मात्र थांबवता येतो. इतकी साधी गोष्ट वेळापत्रकात उतरवायला आम्हाला काही हंगाम जावे लागले.

सुरुवातीची पद्धत कुणालाही सुचेल अशीच होती. बरण्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या आणि शेजारी भरतकामाची रिंग (कापड ताणून धरणारं गोल कडं) घेऊन टाके घालत बसायचं. ठेचून उकळलेल्या टोमॅटोच्या अर्ध्या लिटरच्या बरणीला ३५ मिनिटं लागतात, लिटरच्या बरणीला ४५. ही वेळ समुद्रसपाटीपासून ३०० मीटर उंचीपर्यंतची. ३०० ते ९०० मीटरला ५ मिनिटं वाढवायची. हा वेळ मोकळा वाटतो, पण तसा तो नसतो. पाणी झाकणांच्या वर किमान अडीच सेंटिमीटर राहायला हवं आणि उकळी मध्येच बसता कामा नये. बसली, तर पाणी पुन्हा खळखळल्यावर मिनिटं पहिल्यापासून मोजायची. सॅटिन स्टिचचं, म्हणजे शेजारी शेजारी दाट टाके घालून पान भरणाऱ्याची नजर तर पाच-पाच मिनिटं कापडावरून हलत नाही.

वाफेचा त्रास वेगळाच. पाण्याने पुसल्या जाणाऱ्या निळ्या पेनाने कापडावर उतरवलेली नक्षी दमट हवेत फिकी होत जाते. उष्णतेने उडणारी शाई ६० अंशांच्या आसपास नाहीशी होते, म्हणजे गरम पातेल्याला कापड टेकलं तरी पुरतं. गंमत अशी, की हीच शाई कडक थंडीत परत दिसू लागते. निळ्या पेनावर इस्त्री फिरवली की ती रेघ कायमची बसते, म्हणून आधी थंड पाणी, मग इस्त्री. शिवाय ओलाव्याने रिंगमधलं कापड सैल पडतं, आणि सैल कापडावर ओढून घातलेला टाका नंतर चुण्या पाडतो.

सगळ्यात जास्त नुकसान साखरेच्या पाकाने होतं. त्याचा थेंब वाळला की दिसत नाही. इस्त्री फिरते तेव्हा तो तपकिरी होऊन वर येतो, आणि तोवर नक्षी पूर्ण झालेली असते. म्हणून तयार कापड इस्त्रीआधी पाण्यातून काढायचंच. त्याच्याही आधी दोऱ्याचा रंग तपासायचा: ओला पांढरा सुती तुकडा लाल, मरून आणि गडद निळ्या दोऱ्यावर दाबून बघायचा. रंग सुटला तर कापड वाळू न देता, पाणी स्वच्छ येईपर्यंत थंड पाण्यात खळबळत राहायचं. फळाच्या डागावर साबणाची वडी घासू नये, तिने डाग पक्का होतो. पातळ डिटर्जंट वापरावा. टोमॅटोचा लाल रंग तेलात विरघळणारा असतो, नुसत्या पाण्याने तो हटत नाही.

आता आम्ही तासांची वाटणी सोडून दिली आहे आणि दिवस वाटून घेतले आहेत. एक दिवस फक्त बरण्यांचा. बाहेर काढलेल्या बरण्यांना १२ ते २४ तास हात लावायचा नसतो, खरा मोकळा वेळ हाच. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी झाकणं तपासायची. मधोमध बोटाने दाबल्यावर झाकण खालीवर झालं तर ते बसलेलं नाही. अशी बरणी २४ तासांच्या आत नवं झाकण लावून पुन्हा उकळायची, नाहीतर सरळ फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवायची. रस थोडा उतरला असेल, पण झाकण घट्ट असेल, तर भर घालण्यासाठी ती उघडू नये. रस उतरण्याची मुख्य कारणं दोन: काठापर्यंत भरणं आणि उकळत्या पाण्यातून एकदम बाहेर काढणं. जॅमला वर ६ मिलिमीटर, टोमॅटोला १२ मिलिमीटर जागा सोडायची, आणि आच बंद करून भांड्याचं झाकण काढल्यावर ५ मिनिटं थांबायचं.

घाईच्या दिवशीही दोन ठिकाणी काटकसर चालत नाही. टोमॅटोची आम्लता ४.६ पीएचच्या सीमेवर हेलकावे खाते (पीएच हे आंबटपणाचं माप; तो याच्या वर गेला की नुसतं उकळतं पाणी पुरत नाही), त्यामुळे अर्ध्या लिटरला १५ मिली, लिटरला ३० मिली लिंबाचा रस घालायचाच, आणि तोही बाटलीतला, कारण त्याची आम्लता एकसारखी असते. दुसरं म्हणजे जॅमचा घाणा दुप्पट करायचा नाही. पाणी उडायला जास्त वेळ लागतो, तेवढ्या उकळण्यात जॅम घट्ट करणारं पेक्टिन मोडतं आणि जॅम पातळच राहतो. वेळ वाचवायला केलेल्या या दुप्पट घाण्यानेच भरतकामाचा दुसरा दिवस खाल्ला जातो. आंबटपणा न घालता नुसत्या भाज्या भरायच्या तर प्रेशर कॅनरच (दाबाखाली बरण्या तापवायचं भांडं) लागतो. ते काम आम्ही हंगामात घेतच नाही.

भरतकामाची पूर्वतयारी फळं येण्याआधीच संपवतो. कापड धुऊन आटवून घ्यायचं, नक्षी उतरवायची, दोरे ४५ सेंटिमीटरचे कापून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यावर रंगांच्या क्रमाने अडकवायचे. सहा पदरी दोऱ्याचे पदर एकेक करून सुटे करायचे आणि मगच हवे तेवढे, बहुधा दोन, एकत्र घ्यायचे. एकदम दोन ओढले तर गुंता होतो आणि टाका चपटा बसत नाही. हंगामात स्टेम स्टिच, साखळी टाका, उलटी टीप एवढंच करतो, कारण ती कुठेही सोडून उठता येतात. छटा भरायचं काम नंतर. दोन बैठकांमध्ये हाताची ओढ बदलते आणि ती छटेत लगेच दिसते.

हातांची काळजीही कामाचाच भाग आहे. टोमॅटो सोलून बोटांची टोकं खरखरीत होतात आणि त्यांत रेशमाचा पदर अडकतो, म्हणून सोलताना हातमोजे घालायचे.

आमच्याकडे ‘रिंग’ म्हटलं की दोन वस्तू होतात: भरतकामाची रिंग आणि बरणीच्या झाकणावरचं फिरकीचं कडं. दोन्ही काढून ठेवायच्या असतात. कडं तसंच राहिलं तर आत ओल धरून गंजतं आणि सुटलेलं झाकण लपवतं. लाकडी रिंग रात्रभर राहिली तर कापडावर गोल वळ उमटतो. सुईही नक्षीत टोचून ठेवायची नाही, तिच्या गंजाचा ठिपका निघत नाही.