माझ्याच दाढेचा जुना एक्स-रे

लिहायला बसले आहे हिरड्यांच्या आजारावर, पण खरं सांगायचं तर राग आहे तो एका काउंटरवरचा. पाच वर्षांपूर्वी काढलेला माझ्याच दाढेचा एक्स-रे मिळवायला मला सात आठवडे लागले. डोकं अजून शांत झालेलं नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच. चूळ भरली की पाणी गुलाबी. आधी वाटलं ब्रश कडक आहे, म्हणून मऊ घेतला. मग जिथे रक्त येतं तिथे हात हलका केला, आणि शेवटी तिथे ब्रश न्यायचंच सोडलं. नेमकं उलटं केलं. दाताच्या आणि हिरडीच्या सांध्यात जिवाणूंचा चिकट थर बसतो, त्याने हिरडी सुजते आणि सुजलेली हिरडी जरा धक्का लागला की रक्त सोडते. तिथलाच थर काढायचा सोडला तर सूज वाढणार, दुसरं काय होणार? हा थर मऊ आहे तोवर ब्रशने निघतो. लाळेतले क्षार मुरून तो कडक झाला की त्याचं टार्टर होतं, मग कितीही घासा, हलत नाही.

दुखत मात्र काहीच नव्हतं. त्यामुळे मी निर्धास्त. शिवाय सहा-सात वर्षं एकाच दवाखान्यात नेमाने दात साफ करून घेत होते. गेले, खुर्चीत बसले, घर्रर्र झालं, पॉलिश झालं, "छान आहेत दात" असं ऐकून परत आले. मग खालची उजवी दाढ चावताना किंचित दबल्यासारखी वाटायला लागली आणि मी हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे गेले.

तिथे पहिल्यांदा ती सळई पाहिली. बारीक, बोथट टोकाची, अंगावर मिलिमीटरच्या खुणा. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी डॉक्टर ती हिरडीच्या आत अलगद सोडत होत्या आणि आकडे बोलत होत्या, शेजारची मदतनीस लिहून घेत होती. तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार. तीनपर्यंत ठीक, चारपासून पुढे पॉकेट, म्हणजे हिरडी दातापासून सुटून झालेली खोबण, हे मला आधीच सांगितलं होतं. त्यामुळे तोंड उघडं ठेवून मी परीक्षेचे मार्क ऐकल्यासारखी ऐकत होते. खाली उजवीकडे दोन दाढांच्या मध्ये आवाज आला, "सहा. रक्त." आमच्या जुन्या दवाखान्यात इतक्या वर्षांत कोणी एकदाही मोजलं नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, "या दाढेचा जुना एक्स-रे आहे का?" या आजारात दाताला धरून ठेवणारं जबड्याचं हाड झिजत जातं. ते किती गेलंय हे आजच्या एक्स-रेवर दिसतं, पण ते कोणत्या वेगाने गेलं हे दोन एक्स-रे शेजारी ठेवल्यावरच नीट कळतं. 2018 मध्ये आलेल्या वर्गीकरणात आजाराच्या चार पायऱ्या आहेत आणि वेगाच्या ए, बी, सी अशा तीन श्रेणी. पाच वर्षांत हाड मुळीच गेलं नाही तर ए, दोन मिलिमीटरच्या आत गेलं तर बी, दोन किंवा त्याहून जास्त तर सी. पाच वर्षांपूर्वी मी जुन्या दवाखान्यात नेमकी तीच दाढ भरून घेतली होती, तेव्हा एक्स-रेही काढला होता. मी ऐटीत म्हणाले, "आहे ना, उद्या आणते."

पहिल्या दिवशी काउंटरवर सांगितलं, डॉक्टर आज नाहीत. दुसऱ्या खेपेला, "मॅडम, कशासाठी हवाय?" मी म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचाय. एवढ्यावर चेहरा बदलला. अर्ज लिहून मागितला. लिहून दिला. आठवड्याने फोन केला तर अर्ज सापडेना. पुन्हा लिहिला, या वेळी मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढला. मग कळलं, मधल्या काळात कॉम्प्युटर बदललाय, जुनं सगळं दुसऱ्या मशीनवर आहे आणि ते मशीन चालवणारा माणूस फक्त शनिवारी येतो. शनिवारी गेले. तो आला नव्हता. याच काळात त्याच दवाखान्याचा मेसेज आला: "सहा महिने झाले, आपले दात तपासून घ्या." नाव बरोबर, नंबर बरोबर. म्हणजे बोलवायला मी सापडत होते, द्यायला सापडत नव्हते.

पाचव्या आठवड्यात त्यांनी एक फोटो पाठवला. एक्स-रे नव्हे, मॉनिटरचा मोबाईलवर काढलेला फोटो, मधोमध ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. तो बाजूला सारून पाहावं तर मागे आडवी अक्कलदाढ. माझी अक्कलदाढ काढून वीस वर्षं झाली. कुणाचा तरी जबडा मला पाठवला होता! दुसऱ्या दिवशी काउंटरसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले आणि सांगितलं, मिळाल्याशिवाय उठणार नाही. दोन तास बसले. सातव्या आठवड्यात मूळ फाईल ईमेलवर आली.

आता माझी चूक. माझ्या डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "एक्स-रे मिळेल तेव्हा मिळेल, सफाई सुरू करू." मीच हट्टाला पेटले होते. आधी पुरावा, मग उपचार. या हट्टापायी सहा मिलिमीटरची खोबण सात आठवडे तशीच उघडी राहिली. तुम्ही असं करू नका.

आणि त्या एक्स-रेने नवीन काय सांगितलं? श्रेणीच्या बाबतीत काही नाही. पाच वर्षांत हाड साधारण दीड मिलिमीटर खाली गेलं होतं, म्हणजे बी. डॉक्टरांनी तो अंदाज आधीच बांधला होता: सर्वांत वाईट जागी किती टक्के हाड गेलं त्याला वयाने भागायचं. माझं 30 टक्के, वय 47, उत्तर 0.64. पाव ते एक यांच्या मध्ये आलं की बी. पण स्क्रीनवर त्यांनी तो जुना एक्स-रे मोठा केला आणि पेनाच्या टोकाने एक जागा दाखवली. दाढेच्या बाजूला, हिरडीखाली, गुलाबाच्या काट्यासारखं एक पांढुरकं टोक. टार्टर. पाच वर्षांपूर्वीच तिथे होतं. एक्स-रे भरणीसाठी काढला म्हणून बघणाऱ्याने फक्त कीड बघितली. मी काही बोलले नाही. बोलायचं ते काउंटरवर संपलं होतं.

उपचार दोन बैठकांत झाले. एकदा उजवी बाजू, एकदा डावी, भूल देऊन हिरडीखालचं मूळ खरवडून साफ केलं. दुखलं नाही. नंतर मात्र दात गार पाण्याने शिवशिवायचे आणि पुढच्या दातांत फटी दिसायला लागल्या. "साफ केल्याने दात सुटतात" असं सांगणारे भेटलेच. सूज उतरली की हिरडी आक्रसते आणि आधी टार्टरने भरलेली जागा रिकामी होते, फट त्याची असते.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची गुळणी दोन आठवडे दिली होती. ती टूथपेस्टनंतर लगेच करू नका, निदान अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर तिचा परिणाम कमी होतो. चव बिघडते, दातांवर तपकिरी डाग पडतात, म्हणून मनानेच महिनोन्‌महिने चालू ठेवायची नाही. आणि खोल खोबणीच्या तळाशी ती पोचत नाही, त्यामुळे सफाईला पर्याय समजू नका.

आधीच सांगायला हवं होतं ते एक: पहिल्याच भेटीत मधुमेहाची तपासणी करायला सांगितली होती. साखर जास्त असेल तर हिरड्या लवकर भरून येत नाहीत आणि हिरड्यांची सूज साखरही आटोक्यात येऊ देत नाही. माझी ठीक निघाली. भाऊ फुशारकी मारतो की त्याच्या हिरड्यांतून कधी रक्त येत नाही. तो सिगरेट ओढतो. धूम्रपानाने हिरडीतलं रक्त यायचं कमी होतं, हाड जायचं थांबत नाही. त्याला सळई दाखवून आणायचा बेत आहे.

रक्त येतं एवढ्याच पायरीवर असाल तर नशीबवान आहात. 1965 साली डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात धडधाकट हिरड्यांच्या तरुणांना ब्रश बंद करायला लावला होता. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि ब्रश पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. मी ती पायरी केव्हाच ओलांडली होती. गेलेलं हाड आपणहून परत येत नाही.

आठ आठवड्यांनी पुन्हा मोजलं. सहाचे चार झाले, बाकीचे बहुतेक तीन. त्या चारसाठी दाढांच्या मध्ये घालायचा छोटा ब्रश रोज रात्री वापरते. फटीत जेमतेम घट्ट बसेल असा आकार डॉक्टरांनीच निवडून दिला. दर तीन महिन्यांनी जायचं आहे. निघताना मी आकड्यांचा तक्ता आणि एक्स-रेची फाईल मागितली. मदतनीस म्हणाली, "ईमेल सांगा," आणि मी चपला घालेपर्यंत मोबाईल वाजला.