एमाने नाही म्हटलं, त्यानंतरची गोष्ट

गेले काही महिने मी मॉर्मन लोकांबद्दल, म्हणजे अमेरिकेत सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाबद्दल वाचतेय, आणि हे कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, ते अजून चार-पाच बायका करतात का गं? तर नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीचं जे मोठं चर्च आहे, ज्याची ती पांढरा शर्ट आणि काळा नेमटॅगवाली मुलं जगभर प्रचार करत फिरतात, तिथे आज कोणी दुसरी बायको केली तर त्याला चर्चमधून काढून टाकतात. पण बंद म्हणजे किती बंद, इथे माझं मन अडकलंय, आणि त्यासाठी एमापासून सुरुवात करावी लागते.

एमा म्हणजे जोसेफ स्मिथची बायको, त्यानेच १८३० मध्ये हा पंथ सुरू केला. जुलै १८४३ मध्ये इलिनॉयमधल्या नॉवू गावात त्याने एक साक्षात्कार सांगून लिहून घेतला, जो आज त्यांच्या डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स या ग्रंथात १३२ वा सेक्शन म्हणून आहे. त्यात देव एकापेक्षा जास्त बायका करायला परवानगी देतो आणि वर एमाचं नाव घेऊन बजावतो की तिने ऐकलं नाही तर तिचा नाश होईल. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. नवऱ्याच्या तोंडून आलेला देवाचा शब्द, आणि त्यात स्वतःचंच नाव! जोसेफचा भाऊ हायरम ते तिला वाचून दाखवायला गेला तर तिने त्यातला एक शब्दही मानला नाही. आणि तोवर जोसेफची बरीच लग्नं होऊनही गेली होती, चर्चनेच २०१४ मध्ये अधिकृतपणे लिहिलं की अंदाजे ३० ते ४० बायका, त्यातल्या काही आधीच दुसऱ्यांच्या बायका होत्या आणि एक तर १५ वर्षांचीही नव्हती.

१८४४ मध्ये जमावाने जोसेफ आणि हायरमला तुरुंगात गोळ्या घातल्या. मग फाटाफूट झाली. चर्चमधला दुसरा मोठा नेता ब्रिगॅम यंग बहुतेकांना घेऊन युटाला गेला आणि १८५२ मध्ये तिथे बहुपत्नीत्व उघड जाहीर झालं. एमा गेली नाही, ती नॉवूलाच राहिली, आणि १८६० मध्ये तिचा मुलगा जोसेफ तिसरा वेगळ्या चर्चचा प्रमुख झाला, त्यांनी कित्येक दशकं ठासून सांगितलं की जोसेफने असलं काही केलंच नव्हतं, हे सगळं ब्रिगॅमचं. एमानेही १८७९ मध्ये मरायच्या थोडं आधी मुलाला हेच सांगितलं. काही लोक तिला सरळ खोटारडी म्हणतात, मला ते म्हणवत नाही. मुलांसाठी असेल, स्वतःसाठी असेल, ज्या गोष्टीने तिचं घर पोखरलं तिला तिने आपल्या घरात जागा दिली नाही एवढंच मला दिसतं.

त्या चर्चचं नाव २००१ पासून कम्युनिटी ऑफ क्राइस्ट आहे. तिथले इतिहासकार आता जोसेफची लग्नं बऱ्यापैकी मान्य करतात. आणि एक गोष्ट मला वाचून फार आश्चर्य वाटलं, ओडिशातले काही सौरा आदिवासी या चर्चमध्ये यायला लागले, त्यातल्या काहींना आधीच एकापेक्षा जास्त बायका होत्या, मग काय करायचं, बायका सोडायला लावायच्या? १९७२ मध्ये चर्चने ठरवलं की एकच पत्नी हे तत्त्व कायम, पण अशांना आहेत तसे आत घ्यायचं. सोडलेल्या बायकांचं आणि पोरांचं काय झालं असतं याचा विचार केला तर मला तरी ते बरोबर वाटतं.

युटात मात्र सरकारशी भांडण पेटलं. १८७९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की धर्माच्या नावाखाली हा गुन्हा माफ होणार नाही, १८८७ च्या कायद्याने चर्चची मालमत्ता जप्त करायची सोय केली आणि युटातल्या बायकांचा मतदानाचा हक्कही काढून घेतला, म्हणजे बायकांना वाचवायला निघाले आणि मत त्यांचंच गेलं. या बायका बिचाऱ्या-बिचाऱ्याच होत्या असंही नाही बरं का. मार्था ह्यूज कॅनन डॉक्टर होती, एका माणसाची चौथी बायको, आणि १८९६ मध्ये निवडणुकीत नवराही उमेदवार असताना ती निवडून आली, अमेरिकेतली पहिली महिला स्टेट सिनेटर.

१८९० मध्ये चर्चचा तेव्हाचा प्रमुख विल्फर्ड वुड्रफने मॅनिफेस्टो, म्हणजे जाहीरनामा काढून प्रथा थांबवली, तरी गुपचूप लग्नं चालूच राहिली, मग १९०४ मध्ये परत एक जाहीरनामा काढून सक्त बंदी करावी लागली. ज्यांना हे पटलं नाही आणि ज्यांनी जुनी प्रथा धरून ठेवली ते फंडामेंटलिस्ट, त्यातलाच एक गट एफएलडीएस. त्यांचा नेता वॉरन जेफ्स, अल्पवयीन मुलींवरच्या अत्याचारासाठी २०११ पासून टेक्सासमध्ये जन्मठेप भोगतोय. सगळे फंडामेंटलिस्ट असे नाहीत, काही गट अल्पवयीन लग्नांच्या विरोधात आहेत, आणि २०२० मध्ये युटाने सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या बहुपत्नीत्वाची शिक्षा अगदी किरकोळ केली, म्हणजे घरात मारहाण होत असेल तर बायका तक्रार करायला घाबरणार नाहीत.

पण मला जास्त लागतं ते मोठ्या चर्चमधल्या बायकांचं. तिथे टेम्पलमध्ये सीलिंग होतं, म्हणजे लग्न मरणानंतरही कायम. बायको वारली तर नवरा दुसरीशीही सील होऊ शकतो, दोघी कायमच्या त्याच्या. बाईला मात्र जिवंतपणी एकच. २०१९ च्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे चर्चच्या मोठ्या सभेत, ज्येष्ठ नेते डॅलिन ओक्स यांनी एका बाईचं पत्र सांगितलं, ती बायको वारलेल्या माणसाशी लग्न करायचा विचार करत होती आणि विचारत होती की पुढच्या जगात मला माझं वेगळं घर असेल का, की पहिलीबरोबर राहावं लागेल? सभागृहात लोक हसले. उत्तर मिळालं, प्रभूवर विश्वास ठेव. ओक्स यांची स्वतःचीही पहिली पत्नी वारलीय आणि ते दुसरीशी सील झालेत, त्यामुळे त्यांनी मनापासूनच सांगितलं असेल, पण मला ते हसू अजून ऐकू येतं, कारण त्या बाईने विचारलं ते खरं होतं. १३२ वा सेक्शन आजही त्या ग्रंथात आहे, एमाच्या नावासकट.