लुईस पेलीच्या पत्रांमागून: कुवेत ते रियाध, परतीला उकैर

बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना जानेवारी १८७५ मध्ये अटक करणारा इंग्रज अधिकारी, एवढीच लुईस पेलीची आपल्याकडे ओळख. रेसिडेंट फेर यांच्यावरचा विषप्रयोग, चौकशी आयोग, महाराजांची पदच्युती आणि मग कवळाण्याहून आलेले सयाजीराव, हे सगळं आपण शाळेपासून ऐकत आलो. पण त्याच्या दहा वर्षं आधी हा गृहस्थ इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला इराणी आखातातला ब्रिटिश रेसिडेंट होता आणि तिथून त्याने थेट वहाबी राजधानी रियाध गाठली होती. नोकरीनिमित्त कुवेतला राहायला लागल्यावर त्याचे कागद हाती आले, आणि फेब्रुवारीत आम्ही त्याच वाटेने गाडी काढली. 'त्याच वाटेने' हे ढोबळ अर्थाने घ्या. तो उंटावर होता, आम्ही डांबरी रस्त्यावर.

निघण्यापूर्वी पत्रं वाचा, हा पहिला सल्ला. ती वाचली नाहीत तर रस्त्यात फक्त वाळू, पेट्रोल पंप आणि मधूनमधून उंट दिसतील. कतार डिजिटल लायब्ररी या संकेतस्थळावर ब्रिटिश लायब्ररीतले आखाताचे दस्तऐवज फुकट वाचायला मिळतात. पेलीचे खासगी कागदही तिथे आहेत. सुरुवात मात्र हस्तलिखितांपासून करू नका, डोळे दुखतात आणि उत्साह मावळतो. आधी या प्रवासावरचा त्याचा छापील अहवाल वाचा. तो १८६६ मध्ये मुंबई सरकारसाठी भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटी प्रेसमध्ये छापला गेला. बुशहरची रेसिडेन्सी तेव्हा मुंबई सरकारच्या हाताखाली होती, त्यामुळे अरबस्तानच्या वाळवंटाचा हा अहवाल भायखळ्यात छापला जाणं अगदी नियमाला धरून होतं. शोधताना आजची नावं टाकली तर बरंच काही सापडत नाही. उकैर हे परतीचं बंदर जुन्या कागदांत 'ओजैर' होतं, रियाधचीही दोन-तीन रूपं आहेत. तारखेने शोधणं सोपं जातं. १८६४चा उत्तरार्ध आणि १८६५चे पहिले महिने एवढंच चाळलं तरी बरंचसं हाती लागतं. मुंबईकरांना काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागाराचाही पर्याय आहे. तिथे मुंबई सरकारच्या राजकीय खात्याचे खंड आहेत.

आता मजा अशी की प्रवास एक, पण पेलीने कारणं तीन ठेवली होती, ज्याला जे रुचेल ते. मुंबईला कळवायचं कारण राजकीय: गुलामांच्या व्यापारावर इंग्रजांनी समुद्रात जी कारवाई चालवली होती तिने रियाधचा वहाबी राज्यकर्ता इमाम फैसल बिन तुर्की नाराज होता, ओमानवरूनही कुरबुर होती, तेव्हा समोरासमोर बसून गैरसमज दूर करावेत. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीसाठी कारण भूगोलाचं. मध्य अरबस्तानचा नकाशा तेव्हा जवळजवळ कोरा होता. पालग्रेव्ह नावाचा एक इंग्रज १८६२ मध्ये सीरियन वैद्याच्या वेषात रियाधला जाऊन आला होता, पण त्याच्याजवळ उपकरणं नव्हती, त्यामुळे शहर नेमकं कुठे आहे हा प्रश्न तसाच राहिला. आणि खुद्द इमामाला लिहायचं ते निव्वळ स्नेहाचं. तीनही कारणं खरीच होती. पण माझ्या मते चौथं कारण सगळ्यांत मोठं होतं आणि ते कुठल्याच मसुद्यात सापडणार नाही: पेलीला जायचंच होतं. १८६० मध्ये हाच माणूस इराणातून अफगाणिस्तानमार्गे घोड्यावरून हिंदुस्थानात आला होता. अशा माणसाला बुशहरच्या दमट हवेत फायली चाळत बसवणं म्हणजे शिक्षाच. मुंबईत गव्हर्नर बार्टल फ्रिअर होता, पेलीचा जुना हितचिंतक. त्यामुळे वरून अडवणूक होण्याची धास्ती फारशी नसावी.

अडवणूक झाली ती इमामाकडून, तीही फार सभ्यपणे. सुरुवातीला रियाधहून ऊब नव्हतीच. पेली कुवेतला येऊन थांबला आणि वाट पाहत राहिला. १८६४ मध्ये ग्वादरपासून बुशहरमार्गे फावपर्यंत समुद्रातून तारेची केबल पडली होती, म्हणजे त्याच्या कचेरीच्या दारात त्या काळातलं सर्वांत जलद साधन आलं होतं. पण रियाधच्या उत्तरासाठी उंटस्वाराशिवाय इलाज नव्हता. हा वाट पाहण्याचा काळ वाचताना कुवेत फार चांगलं कळतं. शेख सबाह बिन जाबिरचं लहानसं बंदर, मुंबईच्या बाजाराकडे जाणारे अरबी घोडे, ते पाठवणारे व्यापारी. आज त्यातलं पाहण्यासारखं थोडंच शिल्लक आहे. गावाच्या कोटाच्या ज्या वेशी दाखवतात त्या १९२० सालच्या, पेलीनंतरच्या. त्यापेक्षा मुबारकिया बाजारात एक संध्याकाळ घालवा. पाऊस चांगला झाला असेल तर फेब्रुवारीत वाळवंटातली 'फगा' नावाची भूछत्रं विकायला असतात. भाव ऐकून परत ठेवावी लागतात, पण पाहून घ्या.

परवानगीचं आमचं काम मोबाईलवर झालं. आखाती देशाचा वैध रहिवास असेल तर सौदीचा पर्यटक ई-व्हिसा मिळतो. भारतातून येणाऱ्यांनी मात्र नियम सौदीच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः तपासावेत, एजंटाच्या तोंडी माहितीवर तिकीट काढू नये. गाडी स्वतःच्या नावावर नसेल किंवा कर्जावर असेल तर मालकाचं किंवा बँकेचं पत्र लागतं. सौदी हद्दीतला विमा वेगळा काढावा लागतो, तो आधीच काढून ठेवा. शिदोरीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या, पण खसखस लावलेले अनारसे घरी ठेवा. खसखशीवर तिथे बंदी आहे आणि हा विषय गंमतीचा नाही.

आम्ही सौदी सीमेवरच्या सालमीच्या नाक्यावरून हफर अल-बातिनला आणि तिथून दक्षिणेला रियाधकडे गेलो, एकूण सातशे किलोमीटरच्या आसपास. पेलीसोबत लेफ्टनंट डॉज आणि रेसिडेन्सीचे डॉक्टर कोलव्हिल होते. फेब्रुवारीच्या मध्यानंतर कुवेत सोडून ते मार्चच्या पहिल्या आठवड्यात रियाधला पोहोचले. वाटेतला सुम्मानचा खडकाळ माळ कंटाळवाणा आहे, तिथे काही सांगण्यासारखं नाही. मग दहना येतो. तांबूस वाळूच्या टेकड्यांचा हा लांबलचक पट्टा आम्हाला बघता बघता ओलांडता आला. तरी एकदा थांबून उतरा, पण रस्त्याच्या कडेलाच. साध्या गाडीची चाकं वाळूत रुतायला पाच फूट पुरतात. रात्री चांगलीच थंडी असते, स्वेटर हवाच.

रियाधच्या वायव्येला सत्तरेक किलोमीटरवर सदूस हे जुनं मातीच्या घरांचं गाव आहे. पेलीने इथे एक दगडी स्तंभ पाहून त्याची नोंद केली. तो स्तंभ आज नाही, गावाची मात्र डागडुजी झाली आहे. वाट थोडी वाकडी करून जायला हरकत नाही. ऊन उतरल्यावर गेलात तर बरं.

रियाधमध्ये मेट्रोने कसर अल-हुकूम स्टेशनला उतरलं की जुन्या शहराच्या मधोमध येतो. इमामाचा वाडा याच परिसरात होता. आजचा राजवाडा नवा आहे. सगळे ज्याचे फोटो काढतात तो मसमक किल्ला साधारण १८६५च्याच सुमाराचा, पण पेलीच्या भेटीशी त्याचा संबंध जोडू नका, गाईड सांगतो तरीही. वृद्ध आणि दृष्टी गेलेल्या फैसलने पाहुण्याचं अगत्याने स्वागत केलं. अरबस्तान देवाने आम्हाला दिलं आहे, अशा आशयाचं त्याने पेलीला ऐकवलंही. नंतर मात्र दरबाराचं वातावरण फिरलं. इमामाचा चिटणीस महबूब याच्यावर पेलीचा रोष अहवालात लपत नाही. थोड्याच दिवसांत मंडळींनी मुक्काम हलवला. राजकारण म्हणून पाहिलं तर हाती फार लागलं नाही: त्याच वर्षाच्या डिसेंबरात फैसल वारला आणि १८६६च्या फेब्रुवारीत इंग्रज युद्धनौका वहाबींच्या किनाऱ्यावर तोफा डागत होत्या. भूगोलाचं काम मात्र चोख झालं. पेलीने दिलेला रियाधचा अक्षांश २४ अंश ३८ मिनिटे आहे. मसमकसमोर उभं राहून फोनवर ताडून पाहा, जुळतो.

परतीला पेली हुफूफवरून उकैर बंदराला गेला. रियाध ते हुफूफ रस्ता उत्तम आहे. हुफूफला मुक्काम कराच: कैसरिया बाजार, खजुरीच्या बागा, अल-अहसाचं सगळं ओअॅसिस २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. उकैर तिथून तासाभरावर. पाणी, खाणं, पेट्रोल हुफूफलाच भरून घ्या. किनाऱ्याजवळची 'सबखा', म्हणजे खाऱ्या चिखलाची सपाट जमीन, वरून कोरडी दिसते आणि आत गाडी गिळते. ठळक रस्ता सोडू नका. किल्ला आणि जकातघर यांच्या आज दिसणाऱ्या इमारती बहुतेक तुर्की अमलाच्या, म्हणजे १८७१ नंतरच्या. तरीही जागा चुकवू नये अशी आहे. डिसेंबर १९२२ मध्ये इथेच पर्सी कॉक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने नज्द (म्हणजे रियाधचा मध्य अरबस्तान), कुवेत आणि इराकच्या सरहद्दी आखल्या. तोही एके काळी बुशहरला पेलीच्याच खुर्चीवर बसलेला.

इथून पेली जहाजाने गेला. आम्हाला गाडीनेच कुवेत गाठायचं होतं, त्यामुळे जुबैल, खफजी करत नुवैसीबच्या नाक्याने परतलो. या नाक्यावर आठवड्याच्या सुट्टीच्या संध्याकाळी मोठी रांग लागते. शक्य असेल तर शुक्रवार-शनिवार टाळून मधल्या वारी सकाळी निघा, आणि सिव्हिल आयडीची, म्हणजे कुवेतच्या रहिवासी ओळखपत्राची, मुदत निघण्यापूर्वीच बघून घ्या.